खिडकी क्रमांक तीन

रॉटरडॅमच्या तरंगत्या धक्क्यावर
सकाळी सातला नोंदणी सुरू होते.
भरती आली की कार्यालय चार हात वर जातं,
ओहोटीला खाली;
रांग आहे तिथेच.

मी विट्स्के. खिडकी तीन.
माझ्याकडे येतात ते, ज्यांचं नाव
कुठल्याच देशाच्या यादीत कधी नव्हतं
आणि तरी ज्यांना हाकलणं
सगळ्यांना जमलं.

लेशी मार्चमध्ये आला, येनिसेईकाठचा.
रान बारा उन्हाळे जळत होतं, म्हणाला,
तेराव्यात जळायला काही उरलं नाही.
फॉर्मवर रकाना: उंची.
तो गप्प.
मग कळलं, त्याची उंची त्याची नसते.
लार्चच्या रानात तो लार्चएवढा,
गवतात गवताएवढा.
या धातूच्या फरशीवर कितीसा असणार?
मोजपट्टीच्या तळाशी एक हिरवट डाग
आणि त्या डागाला दोन डोळे.
मी लिहिलं: बदलती.
यंत्राने नाकारलं.
मी लिहिलं: शून्य.
यंत्राने आभार मानले.

आता त्याला काम आहे, एकतिसाव्या मजल्यावर,
टोमॅटोच्या शेतात, जांभळ्या दिव्यांखाली.
परवा भेटला, माझ्या खांद्याला लागत होता.
लाजत म्हणाला, वेल अजून वाढायचेत.

प्रोखोर, घरराख्या, बुटातून आला.
खरंच बुटातून: डाव्या पायाचा, फाटका.
एका म्हातारीने त्याला त्यात बसवून आणलं
आणि ती वाटेतच गेली, ग्दान्स्कच्या अलीकडे.
ज्या घराचा तो होता ते पाण्याखाली,
ज्या माणसांचा होता ती मातीखाली.
पत्ता काय लिहू? विचारलं,
तर त्याने बूट पुढे सरकवला.
खोली मिळाली ४०९.
तिथे चूल नाही, दाराला उंबरा नाही.
राखण करायची कशाची?
रात्री तो पाणी तापवणाऱ्या यंत्रामागे बसतो
आणि यंत्र बिघडलं तर
तक्रार लिहायच्या आधीच सुरू झालेलं असतं.
कंपनीने ते आपल्या अहवालात घातलंय.

आणि ऑस्ला, शेटलंडची.
नियम सतरा: मूळ दस्तऐवज कार्यालयात जमा करावा.
तिच्याकडे एकच मूळ होतं,
करडं, ठिपक्यांचं, खारट वासाचं.
सीलचं कातडं मी सीलबंद केलं
आणि माझ्याच शब्दावर मला हसू आलं.
तिला नाही.
पावती मुठीत धरून म्हणाली,
माझ्या पणजीचं एका कोळ्याने
माळ्यावर लपवलं होतं, सात वर्षं.
तुमच्याकडे किती लागतात?
मी म्हटलं, साधारण नऊ.

त्या रात्री घास अडला वगैरे नाही.
खोटं कशाला सांगू, जेवले, झोपले.
पण गुरुवारी ती पुन्हा आली,
फक्त वास घ्यायला.
पुढच्या गुरुवारीही.
कातडं वाळत चाललं होतं,
कडांना भेगा धरत होत्या.
कोरडं ठेवावं असं नियमात कुठे नाही;
मी बंदरातलं पाणी आणून
स्पंजने पुसू लागले.

या गुरुवारी कपाटाची किल्ली टेबलावर विसरले.
विसरले म्हणजे ठेवली.
कॉफीच्या रांगेत मुद्दाम तिघांना पुढे जाऊ दिलं.
परतताना मनात तयारी होती:
रिकामी खुर्ची, ओली फरशी, माझी चौकशी.

ती तिथेच. कातडं मांडीवर.
गेली नाहीस?
कुठे? म्हणाली.
मी समुद्र सोडला नाही, बाई.
तोच निघून गेला, माशांना घेऊन.
मग पोटाकडची बोटभर चीर दाखवली.
सुई आहे?

मागच्या मनोऱ्याला एकशे चाळीस मजले.
कपडे इथे छापतात,
उसवले की वितळवतात.
सुई कुणाकडे असणार?

मी खिडकी बंद केली, वेळेआधी,
चार जिने चढून ४०९ चं दार वाजवलं.
प्रोखोरने काही विचारलं नाही.
बुटात हात घातला, खांद्यापर्यंत,
आणि टाचेच्या अस्तरातून काढून दिली.

म्हातारीची.
दोरा ओवलेलाच होता.